शेऱ्याचा रकाना

प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला तेव्हा शंकासुर पेन्सिलीला टोक करत बसला होता. सोमवारची सकाळ होती.

"साहेब, अभिनंदन," बाई म्हणाल्या. "तुमचं गटार इतकं स्वच्छ झालंय की आता आम्ही सगळे तिथे पोहायला येणार आहोत."

"पुन्हा काही नाही?"

"काही म्हणजे काही नाही. ओळीने बारावा नमुना. पोलिओचा विषाणू नाही हे चांगलंच आहे हो, पण बाकीचेही नाहीत. माणसाच्या पोटातले साधे, गरीब विषाणू, जे कुठल्याही गटारात सापडतात, त्यातला एकसुद्धा नाही. त्या वस्तीतल्या लोकांना पोटं आहेत ना, तेवढं एकदा जाऊन बघा."

त्याने फोन ठेवला आणि नुकतं केलेलं टोक टेबलावर दाबून मोडलं.

शंकासुर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ऑफिसने पाठीमागे ठेवलेलं नाव होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं. तोंडावर सगळे साहेब म्हणायचे. माणूस मुळातच संशयी. दार लावलं की तीनदा ओढून बघणार, औषधाच्या बाटलीवरची तारीख चष्मा लावून आणि चष्मा काढून अशी दोनदा वाचणार. बायको म्हणायची, "तुम्हाला सूर्य उगवला तरी पावती लागते." देशोदेशी आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेत, रोगांवर नजर ठेवायच्या विभागात, असा माणूस सोन्यासारखा. सव्वीस वर्षं त्याने तिथे काढली होती.

पण बायको गेली आणि त्याच्या संशयाला लगाम राहिला नाही. तिचं दुखणं सात महिने चाललं. पहिले तीन महिने सगळे रिपोर्ट स्वच्छ. रक्त स्वच्छ, लघवी स्वच्छ, फोटो स्वच्छ. ती म्हणायची, "आत काहीतरी आहे हो." आणि हा जन्माचा संशयी माणूस तिला रिपोर्ट दाखवून म्हणायचा, "बघ, काही नाही." आयुष्यात एकदाच त्याने कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवला आणि तोच नडला. तिला जाऊन आता तीन महिने होत आले होते. तेव्हापासून कोणी स्वच्छ म्हटलं की तो कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायचा.

तिच्या आजारपणाची फाइल घरी टेबलावरच असायची. जेवण झालं की तो ती उघडायचा आणि पट्टी धरून आकड्यांच्या ओळी तपासायचा. कोणीतरी कुठेतरी चुकलं होतं, आणि तो माणूस त्याला शोधून काढायचा होता. लेक रविवारी भेटायला यायची. ती म्हणायची, "बाबा, आईच्या फाइलीला आता तरी विश्रांती द्या. तिला नाही मिळाली, निदान कागदांना तरी मिळू दे." त्यावर तो नुसता पान उलटायचा.

तर गटाराचं काम असं होतं. पोलिओने एखादं मूल लुळं पडतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्याच्या कितीतरी आधी तो विषाणू शेकडो पोटांतून फिरून गटारात उतरलेला असतो. म्हणून दर बुधवारी पहाटे वस्तीतल्या ठरलेल्या झाकणातून लिटरभर सांडपाणी बाटलीत भरायचं, बर्फाच्या डब्यात ठेवायचं आणि प्रयोगशाळेत पाठवायचं. मूल लंगडायच्या आधी गटार बोलतं, असं शंकासुर नव्या लोकांना शिकवायचा. नदीपलीकडच्या भागातलं गटार गेल्या महिन्यात बोललं होतं. तिथे विषाणू सापडला होता. आणि अलीकडचं हे गटार तीन महिने मुकं बसलं होतं.

मुकं गटार म्हणजे काय, हे त्याला नीट माहीत होतं. बाटली गटारात भरलेलीच नाही. पहाटे उठायचा कंटाळा, झाकण जड, वास घाण. घरच्या नळाला बाटली लावली की झालं. असं करणारे त्याने दोघे पकडले होते.

ही बाटली भरणारा माणूस मंगळवारी दुपारी रिकाम्या बाटल्या न्यायला आला. त्याला सगळे बाटलीवाला म्हणायचे. पन्नाशी उलटलेला, रुंद पाठीचा, नऊ वर्षं हेच काम करणारा. "बाटली रोजची आहे, चढत मात्र नाही," हा त्याचा ठरलेला विनोद. त्याचा करार दर वर्षी नवा व्हायचा, आणि यंदाची यादी शुक्रवारी जायची होती.

"बसा," शंकासुर म्हणाला.

"बसायला सांगितलंत म्हणजे काहीतरी बिघडलंय," बाटलीवाला म्हणाला आणि उभाच राहिला.

"बाटली किती वाजता भरता?"

"साडेसहाला. फॉर्मवर लिहिलंय."

"दर बुधवारी साडेसहाच? कधी सहा पस्तीस नाही, सहा पंचवीस नाही?"

"तुम्हीच सांगितलंत साडेसहा. सातला भरली असती तर विचारलं असतंत, सात का? साडेसहाला भरली तर विचारताय, साडेसहाच का? साहेब, माणसाने भरायची तरी कधी?"

"आणि कुठून भरता?"

"वखारीमागच्या झाकणातून. तुम्हीच त्याला लाल रंगाची खूण केलीत. निम्मा रंग तुमच्या बुटावर सांडला होता, विसरलात?"

"नमुने स्वच्छ येतायत," शंकासुर म्हणाला.

बाटलीवाल्याची नजर भिंतीकडच्या कपाटाकडे गेली, तिथून भिंतीवरच्या तक्त्याकडे, आणि मग जमिनीकडे.

"यावर तुमचं काय म्हणणं?"

"माझं म्हणणं मी केव्हाच सांगून बसलोय," तो म्हणाला. दोन बाटल्या आणि बर्फाचा डबा उचलून तो गेला.

शंकासुराला तेवढं पुरे होतं. खरा माणूस असता तर चिडला असता, शपथा घेतल्या असत्या. याने नजर चुकवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

तो तडक प्रमुख बाईंकडे गेला. ऑफिसच्या प्रमुख दर तीन वर्षांनी बदलायच्या. या बाईंना वर्षच झालं होतं, पण शंकासुराला त्या पुरत्या ओळखून होत्या.

"शुक्रवारी दुपारपर्यंत मला लेखी द्या," त्या म्हणाल्या. "नमुने खोटे असतील तर तसं सिद्ध करा. मग त्याचा करार मी स्वतः थांबवते. पण एक लक्षात ठेवा. खोटा नमुना असा शिक्का एकदा बसला की आपणच काय, नगरपालिकासुद्धा त्याला दारात उभं करणार नाही. तेव्हा 'शंका आहे' असं लिहून आणू नका. तुमच्या शंका मी दर आठवड्याला वाचते."

बुधवारी पहाटे सहाला शंकासुर वस्तीच्या कोपऱ्यावर बंद दुकानाच्या आडोशाला उभा होता. मफलर नाकापर्यंत ओढलेला. या वयात आपण चोरासारखे लपतोय याची त्याला थोडी लाज वाटत होती, आणि खोटं कशाला, थोडी मजाही.

साडेसहाला पाच मिनिटं कमी असताना बाटलीवाला सायकलवरून आला. पहारीने लाल खुणेचं झाकण उचललं, दोराला बांधलेली बादली आत सोडली, वर ओढली, बाटली भरली. बाटली डब्यात ठेवली. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे. शंकासुर जवळजवळ निराश झाला.

मग बाटलीवाला रस्ता ओलांडून सार्वजनिक नळाकडे गेला. दुसरी बाटली काढली. तशीच, संस्थेचीच. नळाखाली धरून काठोकाठ भरली, बूच लावलं आणि डब्यात पहिल्या बाटलीशेजारी ठेवली.

हात्तिच्या! गटाराची बाटली लोकांना दाखवायला आणि नळाची प्रयोगशाळेला. रस्त्यात एक फेकली की झालं. शंकासुर पुढे झाला नाही. पकडण्यापेक्षा लिहिणं बरं. पकडलं की माणूस रडतो, बायकापोरांची आठवण काढतो. कागद रडत नाही.

ऑफिसात येऊन त्याने पत्र लिहायला घेतलं. पहिला परिच्छेद झरझर झाला. दुसऱ्यात पुरावे जोडायचे होते. प्रत्येक नमुन्याबरोबर बाटलीवाला एक फॉर्म भरायचा. मूळ प्रत बाटलीबरोबर प्रयोगशाळेत जायची आणि खालची कार्बनची प्रत इथे कपाटात पडायची. त्यातले आकडे, म्हणजे तारीख, वेळ, तापमान, संगणकात चढायचे, आणि शंकासुर ते पडद्यावर बघायचा. आता जोडायला मूळचे कागद हवेत म्हणून त्याने कपाट उघडलं आणि शेवटचे चौदा फॉर्म काढले. बाराचे निकाल आले होते, दोनांचे यायचे होते.

फॉर्मच्या तळाशी एक रकाना होता. शेरा. तो रकाना आहे हे त्याला माहीत होतं, कारण नऊ वर्षांपूर्वी तो त्यानेच आखला होता. संगणकात मात्र तो कधी घेतला गेला नाही. मजकूर मोजता येत नाही, म्हणून.

पहिल्या फॉर्मवर बाटलीवाल्याच्या जाड, आडव्या अक्षरात लिहिलं होतं, "वास वेगळा. नेहमीचा नाही."

दुसऱ्यावर, "वास धुलाईच्या पावडरीसारखा. डोळे चुरचुरले."

तिसऱ्यावर, "तोच वास. हे साहेबांच्या कानावर घालायचं होतं. पण साहेबांच्या घरी दुःख झालं, म्हणून तोंडी बोललो नाही. येथे लिहीत आहे."

शंकासुर खुर्चीत बसला.

पाचव्यावर, "बादलीचा दोर पांढरा पडला. नवा दोर मिळावा." सातव्यावर, "झुरळं नाहीशी झाली. पूर्वी झाकण काढलं की शंभर निघत." नवव्यावर, "कोणी वाचतं का?" दहाव्यावर, "नवा दोर स्वतःचा आणला." अकराव्यापासून पुढे रकाना कोरा होता.

आता संशयी माणसाची रीत अशी, की पुरावा उलटा निघाला की तो पुराव्यावरच संशय घेतो. हे सगळं कालच बसून लिहिलं असेल तर? काल त्याची नजर कपाटाकडे गेलीच होती. शंकासुराने प्रयोगशाळेत फोन लावला.

"बाई, तुमच्याकडच्या मूळ फॉर्मवर, तळाला, शेरा लिहिलेला आहे का बघा. तिसऱ्या नमुन्याचा."

कागद चाळल्याचा आवाज आला. "आहे की. 'साहेबांच्या घरी दुःख झालं...'" बाई थांबल्या. "साहेब, हे कोणी वाचलंच नाही हो. आम्ही वरचे आकडे घेतो आणि फाइल करतो. आमच्या संगणकात शेऱ्याला जागाच नाही."

"आमच्याही नाही," तो म्हणाला.

त्याने पत्र फाडलं नाही. घडी करून खिशात ठेवलं. नळाची बाटली अजून होतीच ना.

गुरुवारी पहाटे तो लपला नाही. बाटलीवाल्याला त्याने आदल्या दिवशीच निरोप धाडला होता. दोघे लाल झाकणापाशी भेटले.

"आज तर गुरुवार," बाटलीवाला म्हणाला. "की बुधवारचा संशय उतू गेला?"

"दुसरी बाटली कशाला भरता?"

"काल त्या दुकानाआड तुम्हीच होतात होय! मला वाटलं, एवढ्या उकाड्यात मफलर कोणी लावलाय." तो पहिल्यांदा हसला. "डब्यात दोन बाटल्यांची खाच आहे, साहेब. एकच ठेवली की सायकलवर डबा कलंडतो आणि नमुना सांडतो. म्हणून दुसरीत पाणी भरतो, वजनाला. तिकडे पोचलो की त्याच पाण्याने हात धुतो. फुटली तर जादा असू दे म्हणून तुम्हीच दोन बाटल्या देता."

झाकण उघडल्यावर शंकासुर वाकला आणि त्याने श्वास घेतला. नाक झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं. गटाराचा वास नव्हता तो. फरशी पुसायच्या औषधाचा होता.

"कुठून येतं हे?"

"मला माहीत आहे. पण मला कोणी विचारलं नाही, आणि झाकणावर झाकण उघडत हिंडायची मला परवानगी नाही. चला."

त्यांनी उताराच्या उलट दिशेने चालत एकेक झाकण उघडलं. तिसऱ्या झाकणाशी वास वाढला. पाचव्याशी उभं राहवेना. सहावं झाकण एका उंच पिवळ्या भिंतीला लागून होतं. शंकासुर तिथे पोचायच्या आधीच थांबला. ती सरकारी दवाखान्याची मागची भिंत होती. दुसऱ्या मजल्यावरची डावीकडून तिसरी खिडकी त्याला वर न बघताही दिसत होती. शेवटचे पाच आठवडे त्याची बायको त्या खिडकीशी होती.

"या रस्त्याने यायला नको म्हणून तुम्ही झाकणाशीही येत नव्हता," बाटलीवाला म्हणाला. "कळत होतं मला."

भिंतीला लोखंडी दार होतं. आत सिमेंटची मोठी टाकी आणि तिच्याशेजारी निळी पिंपं. पिंपांवर संस्थेचीच गोल खूण चिकटवलेली. दवाखान्याचा सफाई मुकादम तोंडात दातांचा ब्रश धरून बाहेर आला.

"हे काय सोडता तुम्ही?" शंकासुराने विचारलं.

मुकादमाने ब्रश काढला. "जुलाबाच्या वॉर्डाचं पाणी. रात्रभर टाकीत औषध घालून ठेवायचं आणि सकाळी सहाला सोडायचं. तुमच्याच साहेबांनी शिकवलंय, आणि आता तुम्हीच विचारायला आलात? तुमच्या ऑफिसात एकमेकांशी अबोला आहे का?"

अबोला नव्हता. फक्त मजले वेगळे होते. दुसऱ्या मजल्यावर पाणी-विभाग, तिसऱ्यावर रोगांवर नजर. दुसऱ्याचं काम विषाणू मारायचं, तिसऱ्याचं तो शोधायचा. सहाला दुसऱ्या मजल्याने मारायचं आणि साडेसहाला तिसऱ्याने त्याच पाण्यात शोधायचं, असा प्रकार तीन महिने चालला होता.

परत येताना बाटलीवाला सायकल हातात धरून शेजारून चालत होता.

"साहेब, एक बोलू? रागावू नका."

"बोला."

"महिन्यातून एकदा तुम्ही माझ्याबरोबर झाकणाशी उभं राहायचं, हा नियम आहे. तीन महिने आला नाहीत. पण तुमच्या खोलीत तक्ता लावलाय, त्याच्यावर तुमच्या भेटीपुढे हिरव्या खुणा आहेत. तीन. बाटल्या न्यायला येतो तेव्हा दिसतात." तो जरा थांबला. "मी कुठे बोललो नाही. म्हटलं, माणसाचं घर रिकामं झालंय, एका खुणेचं काय घेऊन बसायचं!"

शंकासुराचे कान तापले. त्या खुणा त्याने कधी केल्या हे त्याला आठवतही नव्हतं. महिनाअखेरीला तक्ता भरायचा म्हणून भरला होता. आला असता, एकदा जरी वाकून श्वास घेतला असता, तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं.

ऑफिसात पोचल्यावर तो दुसऱ्या मजल्यावर गेला. तिथल्या पाण्याच्या इंजिनिअरला सगळे क्लोरीनमामा म्हणायचे. दोघे एकाच वर्षी लागलेले, अरेतुरेतले.

"अरे, त्या टाकीचं परिपत्रक फिरवलं होतं की सगळ्या मजल्यांना!" मामा म्हणाला. "कोणाला हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा म्हणून. थांब." त्याने फाइल काढली. "ही बघ तुझी सही. इतकी वाकडी दुसऱ्या कोणाची असणार?"

तारीख बघायची गरज नव्हती. त्या दिवशी शिपाई नऊ कागद घेऊन दवाखान्यात आला होता आणि शंकासुराने ते गुडघ्यावर ठेवून एकापाठोपाठ सही करून टाकले होते. बायकोने पडल्या पडल्या विचारलं होतं, "काय आहे?" आणि तो म्हणाला होता, "काही नाही."

"बस ना, चहा सांगतो," मामा म्हणाला. "तोंड का असं झालंय तुझं?"

"नको," तो म्हणाला आणि जिना चढला.

त्या दिवशी तो बराच वेळ तक्त्यासमोर बसून राहिला. पत्रात शेऱ्याचा रकाना लिहिता येत होता. परिपत्रकही लिहिता येत होतं. तशा सह्या सगळ्यांच्याच होत्या. दोन विभागांत समन्वय नव्हता, हे वाक्य तर ऑफिसात दर आठवड्याला कोणीतरी लिहायचं, त्याने कधी कोणाचं काही बिघडलं नव्हतं. बाटलीवाला सुटला असता. आणि हिरव्या खुणा तशाच भिंतीवर राहिल्या असत्या. त्या खोट्या आहेत हे फक्त दोघांना माहीत होतं, आणि दुसरा बोलणारा नव्हता.

पण हाच माणूस आदल्याच दिवशी दुकानाआड उभा राहून दुसऱ्याचं खोटं पकडायला निघाला होता. खोटं होतं, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. फक्त बोट चुकीच्या माणसाकडे होतं.

घरी गेल्यावर त्याने बायकोची फाइल उघडली. पट्टी घेतली नाही. आकडे सोडून त्याने पहिल्यांदाच बाकीचं वाचायला घेतलं. पानांच्या कडांना, तळाला, परिचारिकांनी लिहिलेल्या ओळी होत्या. कोणाची चूक सापडते का, हे बघायचं होतं. नाही सापडली. "झोप लागली." "पाणी घेतलं." "कूस बदलून दिली." आणि एका पानावर, परिपत्रकाच्या सहीनंतर चार दिवसांनी, बारीक अक्षरात, "रुग्ण शांत. दुखतं का विचारलं तर म्हणतात, माझं राहू दे, यांना घरी पाठवा, दुपारपासून उपाशी आहेत."

तीन महिने ती फाइल तो रोज उघडत होता.

शुक्रवारी बारा वाजता त्याने प्रमुख बाईंच्या टेबलावर पत्र ठेवलं. बाईंनी ते वाचलं, मग शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला.

"या भेटी तुम्ही दिल्याच नाहीत?"

"नाही."

"आणि दिल्या असं नोंदवलंत."

"हो."

"म्हणजे नदीपलीकडे विषाणू सापडलेला असताना आपण इथे तीन महिने आंधळे होतो."

"हो. त्याला वास कळला होता. त्याने पहिल्याच आठवड्यात लिहिलं होतं. वाचायचं माझ्याकडे होतं."

बाईंनी पत्र मिटून बाजूला ठेवलं. "तुमच्यासारखा माणूस," त्या म्हणाल्या. "जो माझ्यासुद्धा सहीची तारीख तपासतो." मग त्यांनी यादी ओढली आणि बाटलीवाल्याच्या नावापुढे सही केली. "त्याचं झालं. तुमचं मला वर कळवावं लागेल. निर्णय येईपर्यंत काम चालू ठेवा. आणि तो तक्ता काढा भिंतीवरून."

"काढलाय," तो म्हणाला.

पुढच्या बुधवारी दोघे नव्या झाकणापाशी उभे होते. दवाखान्याच्या वरच्या अंगाला, जिथे टाकीचं पाणी पोचत नव्हतं, अशी जागा बाटलीवाल्यानेच सुचवली होती. या वेळी लाल रंगाचा डबा त्याच्या हातात होता. त्याने एकही थेंब न सांडता खूण केली आणि शंकासुराच्या बुटांकडे बघितलं. झाकण उचललं तशी झुरळं चहूकडे पळाली.

"आली बघा तुमची पाहुणेमंडळी," बाटलीवाला म्हणाला.

निकाल यायला दोन आठवडे होते. त्यात काय निघेल हे दोघांनाही माहीत नव्हतं, आणि पोलिओ निघाला तर पुढे काय ते दोघांनाही माहीत होतं. बाटली भरली, बूच लावलं, दुसरी बाटली वजनाला भरून शेजारी ठेवली. बाटलीवाल्याने फॉर्मवर वेळ लिहिली, सहा छत्तीस, आणि फॉर्म शंकासुरापुढे धरला.

"शेरा तुम्ही लिहा आज."

"वास तुम्हाला कळतो."

"तुम्हालाही कळतो, जवळ आलात की. लिहा."

शंकासुर गुडघ्यावर टेकला, झाकणाशी वाकला आणि छातीभर श्वास घेतला. मग फॉर्म गुडघ्यावर ठेवून त्याने लिहिलं, "वास नेहमीचा. घाण."

बाटलीवाल्याने ते वाचलं. कार्बन उचलून खालच्या प्रतीवरही उमटलंय का ते बघितलं.

"आता हे वाचणार कोण, साहेब?"

"मी."

"बघू," बाटलीवाला म्हणाला आणि डबा सायकलला बांधायला लागला.